रबर कापलेली पेन्सिल

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच आकड्यांवर मॉडेल चालवत होते. फोनवर त्याची आई बोलत होती, आणि समोरच्या पडद्यावर विजय नगरच्या बसथांब्यावरची गर्दी एका सुरेख वळणाने चढत होती. सव्वा महिना झाला. रडून झालं, आज लिहायला बसले आहे ती रागाने.

आम्ही दोघं इंदूरला एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. मी लातूरहून आलेली, तो इथल्याच छत्रीबागेतला. प्रश्न साधा होता : अर्धा तास बस येत नाही आणि मग तीन एकदम का येतात? एका थांब्यावर चार माणसं जास्त चढली की बसला उशीर होतो, पुढच्या थांब्यावर आणखी माणसं जमतात, आणि मागची बस रिकामी धावत येऊन तिला गाठते... हे गणितात पकडायचं. माणसं मोजायचा तो, मॉडेल माझं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी तो वही घेऊन थांब्यावर बसायचा. नव्या पेन्सिलीचं रबर आधी ब्लेडने कापून टाकायचा. मी हसले तर म्हणाला, "मिटवायचं नाही. गलत आकडा आला तर बस एक लाइन मार. खालचं दिसलं पाहिजे ना, नहीं तो मालूम कसं पडेल कुठे चुकलो?" त्याच्या वह्या अशा रेघांनी भरलेल्या असायच्या.

दुपारी लॅबमध्ये आला की थांब्यावरच्या गोष्टी सांगायचा. एक बाई डोक्यावर पापडांची परात घेऊन येते, कंडक्टर परातीचंही तिकीट मागतो आणि रोज भांडण होतं... त्या बाईला मी प्रबंधाच्या प्रस्तावनेतही घातलं. शेवटचे भेटलो ते पोह्यांच्या ठेल्यावर. तो फार सुकला होता. मी म्हटलं, "या वेळचे आकडे एकदम स्वच्छ आलेत रे." पोह्यांवर शेव घालत तो म्हणाला, "हाथ जम गया, यार."

तेराव्यानंतर काकूंनी, त्याच्या आईने, त्याच्या वह्या माझ्या हाती दिल्या आणि सहज म्हणाल्या, "पाच महिने झाले ना बेटा, सोम-बुध-शुक्र सकाळी डायलिसिसच चालू होतं. तुला बोलला नाही?" शेवटची वही मी तिथेच उघडली. पानामागून पान उलटत गेले. एकाही आकड्यावर रेघ नव्हती.

आजार लपवला, ते मी माफ केलं असतं. मला सांगितलं असतं तर थांब्यावर मी जाऊन बसले असते. पण त्याने हाताला सुया लावून, पलंगावर पडून माणसं बसमध्ये चढवली आणि माझं चार वर्षांचं काम आतून पोखरलं. वर भांडायला समोर थांबलाही नाही. खरं तर इतक्या गुळगुळीत आकड्यांची मलाच शंका यायला हवी होती... मला ते आवडले.

सरांना सगळं सांगितलं. तिसरं प्रकरण गेलं, त्याबरोबर एक वर्षही. आता थांब्यावर मी बसते. परातवाली बाई अजून दिसलेली नाही. प्रकरणाची छापील प्रत फाडायलाच घेतली होती, तेवढ्यात त्याच्या वहीत अडकवलेली पेन्सिल दिसली, रबर कापलेली. प्रतीच्या पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं, 'या प्रकरणातली सर्व मोजणी हेमंतने केली.' त्यावर एक रेघ मारली. खालचं सगळं वाचता येतं.