उमरग्याचं सॅलड आणि त्याच्यावरचं

देवघरातलं दिव्याचं तेल मी चिरलेल्या मेथीवर ओतलं आणि दोन घास खाल्ले.

तिसऱ्या घासाला सून आत आली म्हणून थांबलो. तिनं ओट्यावरची बाटली उचलली, फिरवली आणि मला मोठ्यानं वाचून दाखवली : फक्त दिव्यासाठी, खाण्यास अयोग्य. ठळक मराठीत लिहिलेलं होतं. चौतीस वर्षं मी लोकांच्या पोरांना मराठी वाचायला शिकवत होतो.

"मामा, वास तरी घ्यायचा की वो."

"घेतला की. चंदनाचा आला. म्हटलं, देवघरातली बाटली, उदबत्तीचा लागला असेल."

चूक अगदीच बिनडोक नव्हती, असं मी अजूनही म्हणतो. मला करडीचं कच्चं तेल हवं होतं. माझ्या लहानपणी दिव्यात करडी आणि भाकरीवरही करडी. देवाला एक तेल आणि माणसाला दुसरं, ही भानगड कुठं होती? आता घरात पुड्यातलं सोयाबीन येतं. त्यामुळं देवापुढं पिवळं तेल दिसल्यावर मला वाटलं, चला, देवानं तरी करडी सोडलेली नाही. पुढं दीड दिवस चंदनाचे ढेकर येत होते. सून नवऱ्याला फोनवर सांगत होती, "काय न्हाई, मामांचा आतनं गाभारा झालाय."

आता हा उपद्व्याप कशासाठी, ते सांगतो.

बायकोला साखरेचा त्रास होता. महिन्यातून एकदा आम्ही लोहाऱ्याहून वडापच्या जीपनं उमरग्याला डॉक्टरकडं जायचो. तपासणी झाली की हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायचं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दहा-बारा टेबलं आणि समोर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांची रांग. मालकीण सीमेपलीकडची, कानडी. सगळे तिला अक्का म्हणत. पाटीवर भाजी, भाकरी, चपाती, भात आणि शेवटी 'सॅलड' असं लिहिलेलं. दुसरीकडं सॅलड म्हणजे काकडीच्या चार चकत्या आणि एक दमलेलं लिंबू. इथं पितळीत कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळा, काकडी, असं सगळं कच्चं यायचं आणि त्याच्यावर काहीतरी ओतलेलं असायचं. करड्या रंगाचं, दाटसर, आंबट, जरा कडवट, आणि मागून लसूण. मुलगा आता त्याला ड्रेसिंग म्हणतो. आम्ही नुसतं 'वरचं' म्हणायचो. "अक्का, वरचं जरा आणखी घाला."

मी भाजी टाकायचो, पण सॅलडची पितळी भाकरीनं पुसून घ्यायचो. बायकोचं मात्र जेवणाकडं फार लक्ष नसायचं. तिला रस्त्याकडेचं टेबल लागायचं. एकेका ट्रकचा नंबर बघून ती सांगायची, हा आंध्रातला, हा गुजरातचा, ह्याच्यात कांदे असणार बघा. लोहाऱ्यात गल्लीतून जातानासुद्धा डोक्यावरचा पदर न ढळणारी बाई तिथं कोपर टेबलावर टेकवून, पदर खांद्यावर सोडून बसायची. दोन घास खाऊन म्हणायची, "तुम्ही खावा. मला लई भूक न्हाई." आणि हात धुवायला मागच्या बाजूला गेली की पंधरा-वीस मिनिटं परत यायची नाही.

"घरी करून बघ की एकदा," मी दर वेळी म्हणायचो.

"मला न्हाई जमायचं ते."

पुरणाची पोळी कागदासारखी लाटणारी, एका भाजणीतून तीन पदार्थ काढणारी बाई. तिला मेथीवर दही ओतायला जमणार नव्हतं. आणि मी ते मानलं. सतरा वर्षं मानलं.

ती गेल्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर मी उमरग्याला गेलो नाही. जाऊन काय करणार? माझी साखर उत्तम आहे.

या हिवाळ्यात आठवडी बाजारात कोवळ्या मेथीचा ढीग दिसला आणि जिभेवर ते वरचं आलं. म्हणजे, यायला लागलं आणि मध्येच थांबलं. आंबट आठवलं, लसूण आठवला, कडवटपणा कसला होता ते काही केल्या आठवेना. भर बाजारात मी घाबरलो. तिचा आवाज आधीच पुसट झालेला आहे. आवाज आठवायला गेलं की शब्द येतात, सूर येत नाही. आता चवही चालली, असं वाटलं. एकदा, एकदाच ती घरात करायची आणि पक्की लक्षात ठेवायची, असं ठरवून मी चार जुड्या घेऊन आलो.

सुनेला म्हटलं, "तू बाहेर बस. मी करतो."

"काय करताव?"

"ते तुला नाही कळायचं." हे बोललो नसतो तर फार बरं झालं असतं.

पहिल्या दिवशी मोबाईलवर एका पोरीनं दाखवल्याप्रमाणं व्हिनेगर, साखर आणि बाटलीतला पांढरा सॉस घातला. कुत्र्यानं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी मेथी कडू लागते म्हणून मीठ लावून पिळली. चांगली, धुणं पिळावं तशी. हिरवं पाणी गेलं आणि हातात चिंधी राहिली. तिसऱ्या दिवशी तेल. ते वर आलंच.

चंदन उतरल्यावर मी जीपमध्ये बसलो आणि उमरग्याला गेलो. दोन माणसांची जागा धरायची सवय, पिशवी शेजारी ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, पिशवी मांडीवर घ्या, शीट भरू द्या." घेतली.

हॉटेल नव्हतं. रस्ता रुंद झाला तेव्हा ते त्याच्या पोटात गेलं होतं. आम्ही बसायचो त्या जागेवरून एक टँकर धडधडत गेला. मी रस्त्याकडेला उभा राहून आमचं टेबल नेमकं कुठल्या पट्ट्यात आलं असेल याचा अंदाज करत होतो. पंक्चरवाल्यानं हाक मारली, "काका, मरताव का? अलीकडं सरका." त्यालाच अक्काचं विचारलं. मागच्या गल्लीत घर होतं.

अक्का ओसरीत सुपात कारळं पाखडत बसली होती. लगेच ओळखलं.

"बर्री बर्री, या गुरुजी! लोहाऱ्याचे न्हवं? बाई कुठं हायत?"

"नाहीत आता. दोन वर्षं झाली."

सूप थांबलं. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि पुन्हा पाखडायला लागली. मग म्हणाली, "अन् तुम्ही आत्ता येताव."

मी आल्याचं कारण सांगितलं. मला लाज वाटली. मरणाची बातमी सांगून मेथीची पाककृती मागणारा माणूस मी याआधी पाहिलेला नव्हता.

"त्यात काय हाय?" अक्का म्हणाली. "हे कारळं भाजायचं, कुटायचं. लसूण मिठासंगं ठेचायचा. दही घोटायचं, पाणी घालायचं न्हाई. घाण्यावरचं करडीचं तेल, कच्चं. मेथीला सुरी लावायची न्हाई, हातानं खुडायची. अन् वाढताना कालवायचं, आधी न्हाई."

कारळं! तो कडवटपणा तिथं सुपात नाचत होता. मी खिशातलं पेन काढलं.

"लिहिताव कशाला? बाईनं कवा लिहिलं न्हाई."

"बाईनं?"

"मग? त्या पहिल्याच थंडीत शिकल्या की. हात धुवायला मागं आल्या की माझ्या चुलीपाशी बसायच्या. एकदा माझी भाची तापानं पडली, तवा दुपारची समदी सॅलडं त्यांनीच केली. तुमच्या ताटातलं बी." अक्का हसायला लागली. "तुम्ही आतनं वरडून सांगितलं, अक्का, आज वरचं फक्कड जमलंय. बाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या."

मला तो दिवस आठवला नाही. आठवायला हवा होता. तिच्या हातचं मी खाल्लं, दाद दिली, आणि ती दाद चुकीच्या बाईला दिली. ती परत येऊन समोर बसली असेल, तेव्हा तिच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलंच नाही. पितळी पुसत असणार.

अक्कानं मूठभर कारळं कागदात बांधून दिलं. तेल घाण्यावरून घेतलं. संध्याकाळी सुनेला म्हटलं, "बस. बघ आणि काय चुकलं तर सांग." तिनं मेथीची जुडी पुढं ओढली आणि पानं खुडायला लागली.

जमलं. पहिल्या घासालाच कळलं. आंबट, कडवट, मागून लसूण. मी डोळे मिटले. चव पूर्ण होती, कुठं उणी नव्हती. फक्त समोर कुणी ट्रकांचे नंबर सांगत नव्हतं, आणि ते नसलं की बाकी सगळं बरोबर असून काय करायचं असतं, हे अक्कानं सांगितलेलं नव्हतं. मी ताट सुनेपुढं सरकवलं.

सुनेला अक्काची हकीकत सांगितली. "एक कळत नाही मला," मी म्हणालो. "येत होतं तर घरी का केलं नाही तिनं? मी इतकं म्हणायचो."

सुनेनं हातातला घास खाली ठेवला. "घरात केलं असतं तर तुम्ही त्यास्नी उमरग्याला नेलं असतं व्हय?"

"नेलंच असतं की. डॉक्टरकडं जावंच लागायचं ना."

"शुगर तर हितं लोहाऱ्यात बी तपासत्यात, मामा," ती म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय. तुमाला एकट्यालाच न्हाई."