पिनवाल्या मावशी

पिनवाल्या मावशींच्या ओठांत कायम एक सेफ्टीपिन असायची. आखातातल्या मुसफ्फाच्या ज्या हॉलमध्ये मल्याळी चर्चची उपासना संपली की आमची मराठी सुरू व्हायची, त्याच्या दाराशी त्या उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या ड्रेसचा गळा दोन बोटांनी मोजायच्या. दोन बोटांच्या खाली गेला की पिन. एकदा ती माझ्या गळ्याच्या हाडापाशी टोचली. मी कळवळले, तर म्हणाल्या, "टोचू दे. लक्षात राहील." राहिलंय.

मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलात वरच्या मजल्यावर आम्ही आणि खाली मावशी. काका तेलाच्या प्लॅटफॉर्मवर. एक महिना समुद्रात, एक महिना घरी. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मंडळीतल्या सगळ्या मुली त्यांच्याच. माझी आई नर्स, सदा ड्युटीवर, म्हणून माझी पहिली पाळी मावशींच्या घरात आली. त्यांनी गरम पाण्याची पिशवी दिली, भरपूर तूप घालून शिरा केला, केसांना तेल लावलं. इतक्या मायेने मला नंतर कुणी हात लावलेला नाही. वेणी घालता घालता म्हणाल्या, "आजपासून तुझ्यामुळे मंडळीतला एखादा भाऊ पापात पडला, तर देव तुला विचारेल, त्याला नाही." मी अकरा वर्षांची होते आणि शिरा खात होते.

दर आठवड्याला त्या मुलींचा वर्ग घ्यायच्या. त्यात एक खजूर आमच्या हातांतून फिरायचा. प्रत्येकीने तो दाबायचा आणि पुढे द्यायचा. मावशींकडे परत पोचेपर्यंत त्याचं साल निघालेलं असायचं आणि वर कुणाचा तरी केस चिकटलेला. "आता हा कोण खाईल?" त्या विचारायच्या, आणि आम्ही माना खाली घालायचो. पुरुषांची वासना त्यांच्या लेखी इथल्या उन्हासारखी होती. ती असायचीच, आपण अंग झाकून घ्यायचं. मुलीला स्वतःला काही वाटत असेल, हे त्यांच्या वर्गात बसतच नव्हतं.

सतराव्या वर्षी मी नेमकं तेच बोलून बसले. वर्ग संपल्यावर, बाकीच्या गेल्यावर, अगदी विश्वासाने. म्हटलं, मावशी, कीबोर्ड वाजवणारा मुलगा माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही; मीच त्याच्या मनगटांकडे बघत बसते आणि प्रार्थनेत लक्ष लागत नाही. त्यांनी ओठांतली पिन काढून हातात घेतली.

"बायकांना वासना नसते, रूथ. जिला असते, तिच्यात दुसरंच काहीतरी शिरलेलं असतं."

आमच्या मंडळीत चहाड्या कुणी करत नाही, प्रार्थनेचा विषय देतात. मावशींनी त्याच दुपारी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला: आपल्या रूथसाठी प्रार्थना करा, सैतान तिला देहाच्या बाजूने ओढतोय. संध्याकाळपर्यंत खलिफा सिटीतल्या बायकासुद्धा माझ्यासाठी हळहळू लागल्या. आईने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. पुढच्या उपासनेत मला सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसवलं, भगिनींचे तळहात डोक्यावर आले, आणि मागे कीबोर्डवर तोच मुलगा मंद सूर धरून होता.

तेव्हापासून मी स्वतःला बंद करायला शिकले. मी हुशार विद्यार्थिनी, त्यामुळे पूर्ण शिकले. लग्नानंतर सगळं आपोआप फुलतं, असं मावशी सांगायच्या, जणू दिव्याचं बटण आहे. माझ्या लग्नाच्या गाऊनला गळ्याशी शेवटची पिन त्यांनीच लावली. नवरा सुनील भला माणूस. पण त्याचा हात लागला की माझं अंग लाकूड व्हायचं, मी दुखण्याने रडायचे आणि तो बिचारा माफी मागायचा. इजिप्शियन डॉक्टरीणबाईंनी तपासून इंग्रजीत विचारलं, शरीर ठीक आहे हबीबती, तुला घाबरवलं कुणी? मला मावशींचं नाव घेता आलं नाही. शेवटी सुनीलने कुवेतची नोकरी धरली, एकटाच गेला, आणि वर्षभरात घटस्फोट झाला. मी परत वरच्या मजल्यावर आईकडे. मावशींनी ताबडतोब विषय दिला: रूथच्या मोडलेल्या संसारासाठी.

गेल्या वर्षी काका रिटायर झाले. व्हिसा खलास, सामान गावी. मी बॉक्स भरायला खाली गेले, कारण काही झालं तरी तो शिरा विसरता येत नव्हता. काका बाहेर कार्गोवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होते. मावशी पिनांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"काका समुद्रावर गेले की मला फार व्हायचं गं. अंगाची नुसती आग. वॉचमन बेल वाजवून गेला तरी मी गार पाण्याखाली जाऊन उभी राहायचे. आणि उन्हाळ्यात इथे गार पाणीही कढत येतं." त्यांनी डबा उघडला. "इतकी वर्षं वाटायचं, एवढ्या बायकांत मी एकटीच अशी. तुलाही व्हायचं ना गं तसं?"

त्यांना माझ्याकडून फक्त एक 'हो' हवा होता. तो माझ्याजवळ होता, खरा होता, आणि मला तो त्यांना द्यायचा नव्हता. त्यांच्या मॅक्सीचा गळा खाली घसरला होता. मी डब्यातली एक पिन उचलली, दोन बोटं मोजली आणि लावली.

"बायकांना वासना नसते, मावशी."

त्यांनी वर्गातल्या मुलीसारखी मान डोलावली. "हो. बरोबर आहे," म्हणाल्या, आणि पिनांचा डबा माझ्या हातात दिला.