किसनमामांची चौकट

पाहुण्या मॅडमची गाडी चौकात आली होती, आणि हॉलच्या एकुलत्या एका दारात किसनमामा दोन्ही हात पसरून उभे होते.

“आत कुणी जायचं न्हाय. चौकट बसली, पूजा झाली न्हाय.”

धाराशिवात निसर्गचित्रांचं प्रदर्शन होतं. चित्रं टांगणं, लाइट लावणं, पाट्या चिकटवणं हे माझं काम. वीस वर्षं करतेय. क्युरेटर सर पुण्याचे. क्युरेटर म्हणजे कुठलं चित्र कुठं लावायचं ते ठरवणारा माणूस, आणि वाकडं लागलं की माझ्यावर डाफरणारा. चित्रांसोबत इथलं कोरीवकामही ठेवा, असं वरून आलं. म्हणून सास्तूरच्या किसनमामांनी सागवानी चौकट कोरून आणली. दोन्ही बाजूंना वेल, वर मोर, मधोमध गणपती. भूकंपानंतर गावात लोखंडी चौकटी आल्या, तेव्हापासून मामांना असं काम कुणी सांगितलंच नव्हतं. मी इतकी खूश झाले की ती थेट दारातच उभी करून टाकली. इथंच माझं चुकलं.

दुसरी एक गोष्ट सकाळीच बिनसली होती. चित्रांच्या पाट्यांवर चित्रकर्तीचं नाव होतं. चौकटीच्या पाटीवर सरांनी लिहिलेलं, ‘पारंपरिक कोरीवकाम, लोहारा तालुका.’

“सर, मामांचं नाव टाकू या ना.”

“लोककलेला नाव नसतं हो.”

मामा शेजारीच उभे. लेकी, सुना, जावई टेम्पो करून येणार होते, ते नाव बघायलाच. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता हे!

“अहो मामा, ही शोची वस्तू आहे!” सर घामाघूम झाले होते.

“मग आडवी ठेवायची व्हती. उभी केली की दार झालं.”

“बरं, पूजा कुणी करायची?”

“घरधन्यानं.”

“हॉल सरकारी आहे!”

“मग सरकारला बोलवा.”

टेम्पोतून उतरलेली मंडळी खो खो हसायला लागली. तेवढ्यात मॅडम पायऱ्या चढून आल्या. वय सत्तरीचं, आतली सगळी चित्रं त्यांचीच. मी घाबरतच सगळं सांगितलं. त्यांनी सरळ चपला काढल्या आणि पदर खोचला.

“आत दहा दिवस माझी चित्रं राहणार. म्हणजे घरधनीण मीच की!”

मग जी पळापळ झाली, विचारू नका. हळद कॅन्टीनमधून आली. कुंकू मामांच्या लेकीच्या पिशवीतून. आंब्याची डहाळी वॉचमननं तोडून आणली. नारळ फोडायची वेळ आली तसे सर ओरडले, “पाणी नको! आत वॉटरकलर आहे!” जलरंगाच्या चित्रावर थेंब जरी पडला तरी रंग उठतो, ते बरोबरच होतं. म्हणून मामांनी नारळ बाहेर पायरीवर आपटला, आणि सगळं पाणी सरांच्या शर्टावर.

सुताराला टॉवेल-टोपीचा आहेर करावा लागतो. टोपी टेम्पोच्या ड्रायव्हरनं स्वतःच्या डोक्यावरची दिली. टॉवेल सरांच्या बॅगेत निघाला, पांढराशुभ्र, कोपऱ्यात हॉटेलचा शिक्का. सर म्हणाले, “चुकून आला असेल.” हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

मॅडम आहेर घेऊन उभ्या राहिल्या. “नाव काय घेऊ?” म्हणत त्यांनी पाटीकडं पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “पारंपरिक कोरीवकाम. अगंबाई! हा आहेर लोहारा तालुक्याला नेसवू का?”

दाराबाहेरची सगळी मंडळी हसली. सरांनी कानापर्यंत लाल होत खिशातून पेन काढलं, पाटी उलटी केली आणि मामांना पूर्ण नाव विचारलं. मामांनी ते दोनदा सांगितलं, वडिलांच्या नावासकट. लेकीनं पाटीचा फोटो काढला. मामांनी आहेराची टोपी नीट केली आणि वाट सोडली.

पुढं दहा दिवस लोक उंबऱ्याला हात लावून, चपला काढून आत येत होते. चित्रांपुढं इतका वेळ थांबलेले लोक मी आजवर पाहिले नव्हते.

चौकट उतरवताना मी मामांना एकदाचं विचारलंच, “मामा, पूजेशिवाय खरंच चालत नाही का हो?”

“घरात न्हाय चालत,” मामा स्क्रू काढता काढता म्हणाले. “हॉलचं म्या काय सांगू, बाई?”

तेव्हापासून मी पाट्या आधी लिहिते, आणि चौकटी मागनं उभ्या करते.