सलीमभाईंचा करकरणारा डबा

"साहेब, डबा पुन्हा करकर करून राह्यला."

सलीमभाईंचा त्या आठवड्यातला हा सहावा फोन. जळगाव जामोदला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि तिथला कॉम्प्युटर, म्हणजे हा डबा, मी सांभाळतो. मी फोनवर काहीतरी सांगायचो, आवाज थांबायचा, दुसऱ्या दिवशी परत फोन. शेवटी वैतागून खामगावहून एसटी पकडली.

स्टुडिओत सोनाळ्याच्या कोकिळाबाई बसल्या होत्या. नवरा जाऊन अकरा दिवस झालेले. परवा तेरवी, आणि हार घालायला घरात फोटो नाही. आधार कार्डावरचा त्यांना चालत नव्हता.

"त्याच्यात ते चोरावाणी दिसतेत. तसे नव्हते हो ते."

आमच्याकडे हे नेहमीचं. माणूस गेला की घरचे त्याला जुन्या लग्नांच्या फोटोंत शोधायला येतात. म्हणून सलीमभाई एकही फोटो डिलीट करत नाहीत. एवढ्या ढिगातून चेहरा शोधायला त्यांनी महिन्याभरापूर्वी एक सॉफ्टवेअर टाकलं होतं.

मी डब्याला कान लावला. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, आणि एक बारीक दांडी तिच्यावरून सरकत माहिती वाचते. ठरावीक अंतरानं टक-टक झालं, तर डिस्क बहुधा जायच्या वाटेवर आहे. सलग खुरखुर असेल तर बहुतेक वेळा काम जास्त आहे, एवढंच. इथे खुरखुर होती. डिस्कची हेल्थ तपासली, ठणठणीत. मग टास्क मॅनेजर उघडला. कोणता प्रोग्राम किती राबतोय, ते त्यात दिसतं. डिस्क शंभर टक्के बिझी, आणि सगळं काम त्या नव्या सॉफ्टवेअरचं. ते एकेक फोटो वाचून चेहऱ्यांची यादी करत होतं. यादी पुरी झाल्याशिवाय ते काही शोधून देत नाही, आणि मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"महिना झाला, यादी अजून झाली नाही?"

"कशी होईन? आवाज वाढला का मी बंद करतो न."

माझं डोकंच सरकलं. "अहो, कोणत्या शहाण्यानं सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच तं," सलीमभाई शांतपणे म्हणाले. "फोन केला का म्हणता, बंद करून चालू करा."

कोकिळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुठे तोंड लपवू असं मला झालं.

साडेदहा वाजले होते. मी बाकीचे प्रोग्राम बंद केले, इन्व्हर्टर तपासला, पॉवरच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि बसून राहिलो. काहीही न करणं हे आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड. दोनदा लाइट गेली, पण इन्व्हर्टरनं निभावलं. सलीमभाईंचा हात तीनदा बटणाकडे गेला.

"थकला असन बिचारा."

"हात लावू नका!" मी खेकसलो.

चार वाजता खुरखुर थांबली. सलीमभाईंनी आधारवरचा फोटो स्कॅन करून सॉफ्टवेअरमध्ये टाकला. चौदा फोटो आले, बहुतेकांत अर्धाच चेहरा. एकात मात्र लग्नाची पंगत, हातात वरणाची बादली, आणि कुणाला तरी आग्रह करत तोंडभर हसणारा माणूस.

कोकिळाबाई उठून स्क्रीनपाशी आल्या. नुसता चेहरा कापून घेण्यासाठी सलीमभाई त्याच्याभोवती चौकट ओढू लागले, तसा बाईंनी हात वर केला.

"बादली राहू द्या, भाऊ. तेच होते ते."

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, कॉम्प्युटर फार आवाज करतो म्हणून. "बंद करून" एवढं माझ्या तोंडून निघालंसुद्धा. जीभ चावली आणि विचारलं, "आधी सांगा, तो काम काय करून राह्यला?"