वाजवून घेतलेली गाडी

माझा मामा माझ्या पाया पडतो. पुण्याच्या पोरांना हे सांगितलं का ते असे पाहतात जसा मी मामाला कामावर ठेवलाय. अरे बाबा, आमच्या गोंदियाकडे भाचा म्हणजे देव. दिवाळी असो का लग्न, मामा वाकणार, भाच्याच्या पायाला हात लावणार, अन भाचा शेंबडा असला तरी आशीर्वाद देणार.

मी शेंबडा होतो तेव्हापासून लोकांचे आवाज काढतो. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती. मग हेडमास्तरांनी स्वतःच्या आवाजात मला दिली. मामाजी वाकले का मी बिरसीच्या विमानतळावर घोषणा करणारी बाई व्हायचो: "कृपया ध्यान दें. मामाजी का कल्याण होने जा रहा है." सगळ्यात जास्त हसायचे मामाजीच. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सांभाळता सांभाळता ठसका लागायचा त्यांना.

आता गाडीचं सांगतो.

नागपुरात दोन वर्षं मी गालिचे धुवायच्या गाडीवर पाईप ओढला. ही गाडी दारात येते. तिच्यावरच पाण्याची टाकी, जनरेटर अन मशीन असते. एका पाईपनं साबणाचं पाणी गालिच्यात सोडायचं, दुसऱ्यानं घाण ओढून घ्यायची. गोंदियात हे कोणीच करत नव्हतं. राइस मिलवाल्यांच्या घरी बोटभर जाड गालिचे, अन धुवायची पद्धत काय, तर गच्चीवर टाकून काठीनं बदडणं. लॉनवाल्यांचे लाल कारपेट तर लग्नाच्या सीझनभर पनीरची ग्रेव्ही पिऊन राहतात. मी ठरवलं, गाडी आपली अन गाव आपलं. माझं जमवलेलं अन आईनं जपलेलं सगळं मिळून गाडी एकच येणार होती, तीही जुनी. ती चुकली तर परत नागपूर अन परत दुसऱ्याच्या गाडीवर पाईप.

पण चुकायचं कारणच नव्हतं. मामाजींचं ट्रकच्या बॉडीचं गॅरेज आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून.

"इंजिन तं कोनीबी पाह्यते," मामाजी म्हणाले. "तू चेसिस पाह्य. केबिनपासून मागपर्यंत दोन लोखंडी पट्टे जातात ना, सारा भार त्याइच्यावर. अन तुया भार कोन्ता? पानी. धानाचे पोते एकदा बसले का बसले. पानी बसत नाही रे. तू ब्रेक मारला का समोर धावते, वळला का बाजूले धावते. दिवसभर पट्टा मुरगळते."

"म्हंजे बारक्या पोट्ट्यावानी."

"तुयावानी."

चेसिस तपासायची त्यांची रीत हातोडीची. गाडीखाली घुसायचं, वीत-वीत अंतरावर पट्ट्यावर हातोडी मारत जायचं अन कान द्यायचा. सलग लोखंड टण वाजतं. पहिली गाडी छोटा टेम्पो होती. वाजली टणटणीत, पण मामाजी बाहेर येऊन म्हणाले, "टाकी मागच्या चाकाच्या मागं जाईन. चढावर गाडी घोड्यावानी उभी राहीन." दुसरी गाडी रायपूरकडून आलेली, लांब चेसिसची. गाडीवाला म्हणे, "आँख बंद करके ले लो भैया." मामाजी म्हणाले, "लोखंड सोनं हाये. पन तुया गल्लीत घुसली का रिव्हर्सच घेत निघन." मी लगेच रिव्हर्सचा हॉर्न वाजवत त्यांच्यामागं उलटा चाललो. अशी मजा चालली होती.

तिसरी गाडी मामाजींनी स्वतः सुचवली. माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा नुकताच झाला होता. तिचे होणारे सासरे धानाचा व्यापार करतात, आमगावच्या बाजूला. आमच्याकडे त्यांना इवाई म्हणतात, तुमच्याकडे व्याही. त्यांना त्यांचा एक मिनी ट्रक विकायचा होता. लांबी बरोबर अन ताकद बरोबर. रंग तर असा नवा का त्यात भांग पाडावा.

मामाजी हातोडी घेऊन खाली गेले. मी बाजूला उकिडवा बसलो. इवाई चहाची कपबशी घेऊन उभे.

टण. टण. टण. ठस.

मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, जरा समोर होतं ते. देवळाच्या घंटेत कोणी टॉवेल कोंबावा तसा आवाज. मला असा आवाज मिळाला का राहवतच नाही. मी लगेच काढून दाखवला: "टण, टण, टण, ठस." वर एक वाकडं तोंडही केलं. इवाई इतके हसले का चहा बशीत आला.

"कलाकार हाये तुमचा भाचा!"

मामाजी नाही हसले. गाडीखालूनच म्हणाले, "चिखल असन आतून. धुतली का वाजन." अन पुढची हातोडी त्यांनी हातभर सोडून मारली. टण. हे तेव्हा मी पाहिलं होतं, बरं का. पाहिलं अन सोडून दिलं. मामाजींच्या हातोडीवर कोण शंका घेते?

बाहेर येऊन हात पुसत ते म्हणाले, "घेऊन टाक."

दोन दिवसांनी मी घेऊन टाकली.

टाकी लग्नानंतर बसवून देतो, असं मामाजी म्हणाले होते. लग्नाला महिना होता अन माझ्या अंगात मुंग्या. मी म्हटलं, तोवर चेसिस तर धुऊन घेऊ. धुणं तर आपला धंदा. गाडी अंगणात उभी केली, माझी पाण्याच्या प्रेशरची मशीन लावली अन खाली घुसलो. ठस वाजलेल्या जागी पाणी मारलं तसा रंग पापडासारखा निघाला. खालून पुट्टी निघाली. पुट्टीच्या खाली, पट्ट्याच्या वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची रेघ. दुसऱ्या पट्ट्यावर मारलं. तिथंही तीच. म्हणजे गाडी कधीतरी मधून तुटली होती अन जोडली होती.

मी इवाईंना आधी अशा शिव्या दिल्या, ज्या मला येतात हे आईला माहीत नव्हतं. मग हात फिरवला. वेल्डिंगचे टाके एकावर एक, एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी गॅरेजमध्ये काळी काच डोळ्याला लावून असे टाके पडताना पाहिलेत. गोंदियात असा हात एकाचाच आहे.

गेलो तेव्हा मामाजी खाटेवर बसून लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावत होते.

"मामाजी, गाडी जोडाची हाये."

बोट पत्रिकेवरच राहिलं. "धुतली का?"

बस, एवढंच विचारलं.

"तुमीच म्हनलं होतं, धुतली का वाजन."

"जोड पक्का हाये. माह्या हातचा हाये."

"ते दिसलं मले. काऊन सांगतलं नाही?"

"हळू बोल, मामी ऐकन." त्यांनी पुढची पत्रिका घेतली. "इवाईनं म्हनलं, गाडीले गिऱ्हाईक पाहा. पोरीचा बाप हाओ मी. त्याइच्या दारात त्याइच्याच गाडीले खोट काढू का?"

"मंग रस्त्यात सांगाचं. घरी येऊन सांगाचं. दोन दिवस होते सौद्याले."

"तू भाचा हायेस. समजून घेशीन असं वाटलं." मग म्हणाले, "परक्याले कशी देऊ अशी गाडी?"

मला आधी हसू आलं. कोणी असं बोललं का मी त्याची नक्कल करतो. पण या वाक्याची नक्कल झाली नाही. परक्याला देता येईना, म्हणून मला दिली.

"धानाले पुरते तो जोड?"

"पुरते."

"अन पान्याले?"

मामाजी हळद लावत राहिले.

आईला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती भावाच्या घरच्या लग्नात उभी राहिली नसती. अन मामेबहिणीनं माझं काय बिघडवलं होतं? लग्नात मी पंगतीत वाढलं, वरातीत नाचलो. मग मंडपात, सगळ्यांसमोर, मामाजी माझ्या पाया पडायला वाकले. पाहुणे ओरडले, "भाचेबुवा, विमानवालीचा आशीर्वाद होऊ द्या!" इवाई फेटा सावरत समोरच उभे होते.

मी तोंड उघडलं ते विमानवालीसाठीच. निघालं भलतंच.

"टण. टण. टण. ठस."

हशा झाला. इवाई टाळी वाजवून म्हणाले, "अरे, हे तं आमच्या गाडीचं!" मामाजींची बोटं माझ्या पायावर होती. त्यांच्या नखांत अजून हळद होती. ते जेवढा वेळ वाकतात त्यापेक्षा जास्त वेळ वाकलेले राहिले. उठले तेव्हा तोंडात खर्रा नव्हता, तरी ठसका लागला. मला वाटलं होतं का बरं वाटेल. नाही वाटलं. वरमाईनं पाणी आणून दिलं त्यांना.

पोरगी सासरी गेल्यावर, लॉनवाल्यांची पोरं लाल कारपेट गुंडाळत होती तेव्हा मामाजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. कारपेटकडे पाहत बोलले, "टाकी अर्धी बसव. केबिनले चिकटून, समोर. जोडावर भार नको येऊ देऊ." अन निघून गेले. माफी म्हणून मला एवढंच मिळालं, अन ते तंतोतंत बरोबर होतं, हे जास्त लागलं.

टाकी मी दुसऱ्या मिस्त्रीकडून बसवली. अर्धीच. दोन घरं धुतली का पाणी संपते, मग हापशी शोधत फिरा. वळणावर मी अजून कान मागं ठेवून चालवतो. लोक विचारतात, "एवढ्या मोठ्या गाडीवर एवढीशी टाकी काऊन बे?" मी दर वेळी नवीन आवाजात नवीन थाप मारतो. खरं कोणालाच सांगितलं नाही. या बाबतीत मामाजी बरोबर निघाले, भाच्यानं समजून घेतलं.

या दिवाळीला मामाजी फराळाचा डबा घेऊन आले. मी खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. ते आले, उभे राहिले, जरासे वाकल्यासारखे झाले.

आई म्हणाली, "पाय काढ ना रे समोर. मामा उभा हाये."

"मुंग्या आल्या पायाले," मी म्हटलं. कोणाच्याही आवाजात नाही, माझ्याच.