चार दिवसांचे दात

रत्नागिरीच्या बाजारात तात्या मंजनवाले समोरच्याच्या चेहऱ्याकडे कधी बघत नसत. थेट दातांकडे बघत. त्यांचे स्वतःचे दात मात्र काताच्या रंगाचे. कोणी हटकलंच तर म्हणत, "फरक दाखवायला ठेवलेत. दुकानात दोन्ही नमुने हवेत."

मी सुपारीचा व्यापारी. डोक्यावर टोपल्या वाहून वर आलो आणि घेतल्या मालाचा भाव पाडल्याशिवाय कधी उठलो नाही. विडे खाऊन दात लालभडक झालेले. नेवऱ्याच्या एका बागायतदाराची मुलगी मी जत्रेत पाहिली होती. केली तर तीच करायची, असं मनाशी ठरलं होतं. बघण्याचा दिवस ठरला तसा तात्यांकडे गेलो.

त्यांनी तीन वस्तू मांडल्या. "ही राखुंडी. विडा बंद आणि तीन महिने. हा बदामाच्या टरफलांचा कोळसा. एक महिना, पण जोर केलास तर हिरड्या सोलशील. आणि हे बाटलीतलं विलायती पाणी. चार दिवस, पण ते डागाबरोबर दातही खातं."

"तीन महिने फार झाले. राखुंडीनंच आठ दिवसांत करा."

"मेल्या, दात आहेत ते. नारळ नव्हेत."

"बरं, दहा. शेवटचं सांगतो."

मी उठून चालू लागलो. गिऱ्हाईक उठलं की दुकानदार नमतो, हा माझा आयुष्याचा अनुभव. तात्याही नमले. बाटली पुढे सरकवून म्हणाले, "घे, चारच दिवस. तू जिंकलास."

पाचव्या दिवशी दात शंखासारखे पांढरे, आणि वारा लागला तरी कळ मस्तकात. तसाच नेवऱ्याला मुलगी बघायला गेलो. बागायतदारांनी कौतुकानं यंदाची सुपारी पुढे केली. "व्यापारी आहात, चावून सांगा कशी आहे." मी खांड गालात धरून बसलो. डोळ्यांना पाणी आलं.

"सुपारीवाल्याला सुपारी चावेना, आणि दात बगळ्यासारखे!" म्हातारा म्हणाला. "स्वतःचा माल खात नाही, त्याला मुलगी कशी देऊ?"

तडक तात्यांचं दुकान गाठलं. "लग्न मोडलंत माझं!"

"दात पांढरे झाले ना?"

"झाले, पण..."

"मग? मुलगी मिळेल असं बाटलीवर लिहिलंय?"

रागाच्या भरात मी त्यांची एक बरणी रस्त्यावर फोडली.

वैशाखात त्या मुलीचं लग्न एका कारकुनाशी झालं. बातमी तात्यांनीच आणली. "तो माझंच गिऱ्हाईक. तुझ्याहून लाल दात होते."

"किती दिवसांत केलेत त्याचे?"

"तीन महिने, राखुंडीनं. एक दिवस कमी करा म्हणाला नाही."

तेव्हापासून मी तात्यांशी बोललो नाही. ते वारले तेव्हा खांदा दिला, पण बोललो नाही.