टँकर उतरण्याआधीची दहा मिनिटं

बडोद्याजवळच्या छाणीतल्या पेट्रोल पंपावर टँकर आला, की सुभानराव जगतापांनी हो म्हटल्याशिवाय त्यातला थेंबही जमिनीखालच्या टाकीत जात नसे. पंपाचे मालक धवलभाई. पण टँकरपुरते मालक सुभानराव. हेलकावे खात आलेलं पेट्रोल स्थिर व्हायला दहा मिनिटं द्यायची, मग टँकरवर चढून पितळी गज आत सोडायचा. गजाच्या टोकाला पेस्ट लावलेली असे. तळाला पाणी असलं तर तिचा रंग बदले. ती जशीच्या तशी वर आली, की मगच नळी जोडायची. सत्तावीस वर्षं हेच. ड्रायव्हर कुरकुरले, रांगेतल्या स्कूटरवाल्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, तरी दहाची नऊ मिनिटं कधी झाली नाहीत. पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते, तीच खोड उतरलीय, असं घरचे म्हणत.

पाच वर्षांपूर्वी एकदा पेस्टने रंग बदललाही. सुभानरावांनी टँकर आल्या वाटेने परत पाठवला. शे-दोनशे गाड्या रस्त्यात बंद पडायच्या वाचल्या. शाबासकी कोणी दिली नाही. उलट दिवसभर पंप कोरडा राहिला म्हणून धवलभाईंनीच तोंड फुगवलं.

तर अशा माणसाच्या दहा मिनिटांवर सरकारची नजर गेली. इंधनाच्या घाऊक आणि किरकोळ व्यापाराचे नियम जुने झाले, त्यांचा आढावा घ्यायचा, म्हणून एक समिती बसली. तिने मसुद्यात कलम घातलं: टँकरला आता इलेक्ट्रॉनिक कुलूप असतं, तेव्हा पंपावरची तपासणी ऐच्छिक करावी. सुभानरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. भरतानाच पाणी आत गेलं असेल, तर कुलूप ते पाणी नीट सांभाळून आणणार, एवढंही या शहाण्यांना कळू नये?

हरकती मागवल्या होत्या, पण ऑनलाइन. सुभानरावांनी दोन पानं मजकूर लिहून काढला आणि मुलीला, राजनंदिनीला, भरायला बसवलं.

"बाबा, तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"म्हणजे? तुझा बाप!"

"तसं नाही हो. इथे चौकटी आहेत. तेल कंपनी, घाऊक विक्रेता, किरकोळ विक्रेता, ग्राहक. एकीवर खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

पंपावर उन्हातान्हात उभं राहणाऱ्या माणसासाठी चौकटच नव्हती. गावोगाव एवढी माणसं या धंद्यात राबतात, आणि यादी करणाऱ्याला त्यातलं एकही आठवलं नाही!

"ग्राहक कर," सुभानराव शेवटी म्हणाले. "स्कूटरमध्ये पेट्रोल तर मीही भरतोच की." पत्ता त्यांनी पंपाचाच सांगितला. कुरिअर असो की लग्नपत्रिका, त्यांचं सगळं पंपावरच यायचं. सत्तावीस वर्षांची सवय.

तिथेच घोळ झाला. 'ग्राहक' आणि खाली पंपाचा पत्ता पाहून कोणीतरी हरकत उचलून तक्रारींच्या ढिगात टाकली. तीन आठवड्यांनी दोन तपासनीस पंपावर हजर. या पंपाविरुद्ध ग्राहकाची तक्रार आहे म्हणाले. सुभानरावांनीच पाच लिटरचं माप आणून त्यांच्यासमोर काठोकाठ भरून दाखवलं. तसूभरही फरक निघाला नाही. मग त्यातल्या मोठ्या साहेबांनी तक्रारदाराचं नाव वाचलं: सुभानराव जगताप.

"सुभानकाका, आ शुं कर्युं? आपल्याच पंपाची कंप्लेन?"

"धवलभाई, मी त्या कलमावर लिहिलंय. आपल्या पंपाबद्दल एक अक्षर नाही. साहेब, तुम्ही वाचा तरी!"

साहेबांनी वाचलं नाही. 'माप बरोबर, तक्रार निकाली' असा शेरा मारला, चहा घेतला आणि गेले.

पुढे समितीचा अहवाल आला. राजनंदिनीने तो मोबाइलवर वाचून दाखवला: 'पंप कर्मचाऱ्यांकडून या कलमावर एकही हरकत आली नाही, सबब त्यांची सहमती गृहीत धरली आहे.' सुभानरावांनी तिला ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. आधी दार ठेवायचं नाही, आणि वर म्हणायचं, तुम्ही आलाच नाहीत! याला निर्लज्जपणाच म्हणतात. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

नवा नियम लागू झाल्यावर पहिला टँकर सुभाषने आणला. ड्रायव्हर जुना, ओळखीचा. गाडी लावताच त्याने नळी उचलली.

"काका, आता चेक करवानी जरूर नथी. लॉक बराबर छे."

सुभानरावांनी धवलभाईंकडे पाहिलं. त्यांनी ऑफिसच्या दारातून हात हलवला: उतरू दे, गाड्या खोळंबल्यात. गज भिंतीशी तसाच राहिला आणि टँकर रिकामा झाला. मग सुभाषने पावतीच्या तीन प्रती पुढे केल्या. तळाशी छापलं होतं: 'माल तपासून, शुद्धतेची खात्री करून उतरवून घेतला.' त्याखाली सहीची जागा.

म्हणजे तपासणी काढली, पण जबाबदारी जिथल्या तिथे! उद्या गाड्या बंद पडल्या, की मानगूट कोणाचं धरायचं ते ठरलेलंच होतं. सुभानरावांनी पेन काढलं. छापलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला ठसठशीत लिहिलं: 'तपासू दिलं नाही. सुभानराव जगताप, पंप कर्मचारी.' तिन्ही प्रतींवर.

"अरे काका, ऐसा कागज डेपोवाले लेंगे नहीं!" सुभाष घाबरला. धवलभाई धावत आले.

"काका, दुसरी पावती बनवू. साधी सही करून टाका ना."

"आत काय उतरलंय ते मी पाहिलेलं नाही," सुभानराव म्हणाले. "तुमची खात्री असेल, तर तुम्ही करा सही."

त्यांनी पेन पुढे केलं. धवलभाईंनी ते घेतलं नाही.